‘साथ’, ‘मरी’ आणि ‘महामारी’ : एक शब्दविचार

भाषेंतील बहुतेक शब्द आपण नाण्यांसारखे वापरतों. हातांत येतात आणि खर्चून जातात, त्यांवरचा छाप कोणी वाचून पाहत नाहीं. परंतु कांहीं शब्दांची गोष्ट निराळी असते. ते वर्षानुवर्षें कोशांत पडून असतात आणि एखाद्या संकटाच्या वेळीं एकाएकीं सर्वांच्या तोंडीं होतात. अशा वेळीं भाषेला विचार करावयास सवड नसते. जो शब्द जवळ सांपडेल तो ती उचलते, आणि संकट ओसरल्यावर तोच शब्द तिच्या घरांत कायमचा राहून जातो. इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत मराठीचें असेंच झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च रोजीं करोना विषाणूच्या रोगास ‘पॅन्डेमिक’ हें नांव लावलें. त्या नांवाला मराठी प्रतिशब्द हवा होता, आणि वृत्तपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें ‘महामारी’ हा शब्द पुढें केला. त्यापूर्वीं आपल्याकडे तापाची, पटकीची, गोवराची, डोळ्यांची अशी कसलीहि असो, ‘साथ’च येत असे. त्या महिन्यापासून मोठी साथ येईनाशी झाली व महामारी येऊं लागली. आज माझ्या वर्गांतील विद्यार्थी निबंध लिहितात तेव्हां ‘महामारीच्या काळांत’ हे दोन शब्द त्यांच्या लेखणींतून एका श्वासासरशीं उतरतात. त्यांच्या आजीला विचारलें तर ती अजूनहि ‘साथीच्या वेळेला’ असेंच म्हणेल.

हा पालट क्षुल्लक आहे, रोग तो रोगच, त्याला कोणतें नांव दिलें यानें एकहि रोगी बरा होत नाहीं कीं दगावत नाहीं, असें कोणी म्हणेल. हें म्हणणें वरवर बिनतोड दिसतें. परंतु साथीच्या दिवसांत माणसें औषधाइतकींच शब्दांवर जगतात, हें आपण सर्वांनीं नुकतेंच पाहिलें आहे. दार उघडावें कीं लावून घ्यावें, रोग्यापाशीं जावें कीं न जावें, परगांवाहून आलेल्या भावाला घरांत घ्यावें कीं वेशीवरून परत लावावें, हें लोकांनीं ठरविलें तें ज्ञानावरून थोडें आणि कानांवर आलेल्या शब्दांवरून फार. तेव्हां या शब्दांचा विचार हा निव्वळ व्युत्पत्तीचा छंद नव्हे.

मराठींत या अर्थाच्या शब्दांचीं मुख्यतः तीन घराणीं आहेत: एक मृत्यूचें, दुसरें देवतेचें आणि तिसरें सोबतीचें. तिन्ही आपण क्रमानें पाहूं.

मरक, मारी, मरी, महामारी हे सारे शब्द ‘मृ’ धातूच्या पोटचे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, ऋतु बिघडले म्हणजे पाणी व वनस्पति बिघडतात आणि त्यांच्या सेवनानें नाना रोग अथवा ‘मरक’ उद्भवतो, असें सांगितलें आहे. मार्कंडेयपुराणांतील देवीमाहात्म्यांत ‘महामारी’ हा शब्द दोन ठिकाणीं भेटतो. महामारीपासून उत्पन्न झालेले उपद्रव देवीचें माहात्म्य ऐकल्यानें शमतात असें एके ठिकाणीं म्हटलें आहे, आणि प्रलयकाळीं देवीच महामारीचें रूप धारण करते असें दुसऱ्या ठिकाणीं. जी मारते तीच तारते, हा विचार त्या एका शब्दांत मावलेला आहे. पुढें हाच शब्द निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रोगांना चिकटला. गढवालांत इ. स. १८२३ पासून ज्या प्लेगाच्या नोंदी आढळतात त्या प्लेगाला तेथील लोक ‘महामारी’च म्हणत, व इंग्रज डॉक्टरांनींहि आपल्या लेखांत तेंच नांव ठेविलें. आपल्या महाराष्ट्रांत मरी आणि महामारी हे शब्द पुष्कळदां पटकीला लागत. प्रांताप्रांतांत रोग बदलला, पण शब्दाचा गाभा बदलला नाहीं. हा शब्द रोग कसा आला, कोठून आला, किती दूर पसरला यांपैकीं कांहींच सांगत नाहीं. माणसें फार मेलीं, एवढेंच सांगतो.

मरीला ‘आई’ जोडली कीं दुसरें घराणें सुरू होतें. मरीआईचें देऊळ बहुधा गांवाच्या शिवेवर असतें, कारण तिला गांवांत घ्यावयाचें नसतें आणि दुखवावयाचेंहि नसतें. मुंबईसारख्या नगरींतहि जरीमरीचें नांव वस्तीला आणि देवळाला राहिलें आहे. देवी या रोगाचें तर नांवच देवतेचें. मुलाला देवी ‘आल्या’ असें आदराच्या बहुवचनांत म्हणत. पाहुणी आली म्हणजे तिचा मान ठेवावा तसा तिचा मान ठेवीत. मौजेची गोष्ट ही कीं, या रोगावरची लस मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं प्रथम टोचण्यांत आली तरी भाषेनें देवतेला सोडलें नाहीं. ‘देवी काढणें’, ‘देवी टोचणें’ हेच वाक्प्रचार शास्त्रीय उपायालाहि लागले. इ. स. १९८० मध्यें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. शब्द मात्र पन्नाशी उलटलेल्या कांहीं चेहऱ्यांवरील वणांच्या रूपानें अद्याप आहे.

या दुसऱ्या घराण्याची चेष्टा करण्याचें कारण नाहीं. जंतुशास्त्र जन्मलें नव्हतें तेव्हां भयाला कांहीं आकार देण्याचा तो मार्ग होता. आकार दिला कीं त्याच्याशीं बोलतां येतें, त्याला नवस करतां येतो. पण त्या मार्गाची नीतिहि पाहिली पाहिजे. गांवांत मरी आली म्हणजे ‘मरीआईचा गाडा’ काढण्याची चाल होती. गाडा वाजत गाजत शिवेपर्यंत न्यावयाचा आणि पलीकडच्या गांवाच्या हद्दींत सोडून द्यावयाचा. त्या गांवानें तो पुढच्या गांवाच्या हद्दींत ढकलावयाचा. रोग आपला नव्हे, शेजाऱ्याचा, ही भावना त्या गाड्यावर बसून हिंडत असे. आणि ज्या रोगांना आपण देवता मानलें तेच रोग आपण शिवींतहि घातले. ‘तुला पटकी येवो’, ‘तुला वाखा येवो’ या शिव्या ज्यांनीं लहानपणीं खेड्यांत ऐकल्या आहेत त्यांना हें सांगावयास नको. देवता आणि शिवी यांच्यामध्यें रोगी माणसाला कोठें जागाच उरत नाहीं.

तिसऱ्या घराण्याकडे वळण्यापूर्वीं दोन जुन्या ग्रंथांकडे पाहणें उपयोगाचें होईल. एक आपला, एक ग्रीकांचा.

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसऱ्या अध्यायाचें नांव ‘जनपदोद्ध्वंसनीय’ असें आहे. पांचाल देशांत गंगातीरीं काम्पिल्य नगराजवळच्या वनांत, उन्हाळा सरत आला असतां, पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाशीं बोलत आहेत. अग्निवेशाचा प्रश्न फार मोलाचा आहे. माणसांच्या प्रकृति निराळ्या, आहार निराळा, देह, बल, वय सारें निराळें. मग एकाच वेळीं एकाच व्याधीनें सबंध जनपद कसें नष्ट होतें? ज्या वैद्यकाची सारी इमारत प्रत्येकाच्या प्रकृतिभेदावर उभारलेली त्या वैद्यकाला हा प्रश्न पायाशींच भिडणारा होता. आत्रेयांचें उत्तर असें कीं, माणसें निराळीं असलीं तरी वायु, उदक, देश आणि काल हीं चार सर्वांना समान असतात. तीं बिघडलीं म्हणजे सर्वांना सारखेंच भोगावें लागतें. तीं कां बिघडतात, याचें मूळ ते शेवटीं अधर्मांत नेतात. तो भाग आज आपणांस पटो वा न पटो. परंतु त्यांनीं शब्द योजला तो ‘जनपद’ घेऊन योजला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एकेक माणूस किती मेला हें त्यांच्या डोळ्यांपुढें नाहीं. माणसांची वस्ती, तिचें पाणी, तिची हवा हें आहे.

ग्रीकांचा शब्दहि असाच वस्तीवरून निघाला. ‘एपि’ म्हणजे वर किंवा मध्यें, ‘डेमॉस’ म्हणजे लोक. लोकांमध्यें आलेला तो ‘एपिडेमिक’. होमरच्या काव्यांत हें विशेषण स्वदेशीं, आपल्या लोकांत असणाऱ्याला लागतें. पुढें परगांवाहून येऊन नगरांत कांहीं काळ मुक्काम करणाऱ्यालाहि त्याच शब्दानें ओळखूं लागले. हिपॉक्राटिसच्या नांवावरील ग्रंथमालेंत तो रोगांना लागला. म्हणजे रोग हा मुक्कामाला आलेला परका. ‘पॅन्डेमिक’ म्हणजे सर्व लोकांचा. या दोहोंत मृत्यूचा मागमूस नाहीं.

ग्रीकांच्याच इतिहासांत शब्दाविषयींची एक फार बोलकी गोष्ट आहे. इ. स. पूर्व ४३० मध्यें अथेन्समध्यें भयंकर साथ आली. तिचें वर्णन करणारा थ्यूसिडिडीस स्वतः तींतून बरा झालेला होता. तो सांगतो कीं, म्हाताऱ्या लोकांना त्या वेळीं एक जुनी भविष्यवाणी आठवली: डोरियनांशीं युद्ध होईल आणि त्याबरोबर ‘लॉइमॉस’ येईल. लॉइमॉस म्हणजे रोगाचा संहार. पण कांहींचें म्हणणें पडलें कीं मूळ शब्द ‘लॉइमॉस’ नसून ‘लीमॉस’, म्हणजे दुष्काळ, असा आहे. त्या प्रसंगीं अर्थातच रोगवाल्यांचा पक्ष जिंकला. थ्यूसिडिडीस त्यावर शांतपणें म्हणतो कीं, लोक आपली आठवण आपल्या दुःखाप्रमाणें जुळवून घेतात. उद्यां पुन्हां युद्ध झालें आणि दुष्काळ पडला तर हेच लोक दुसरा पाठ म्हणतील. ज्या नगरांत प्रेतें दहन करण्यास जागा मिळत नव्हती तेथें लोक एका अक्षरावरून वाद करीत होते, याचें कोणाला हंसूं येईल. मला येत नाहीं. संकटाला नांव मिळाल्यावांचून माणसाचें मन त्याला तोंड देऊं शकत नाहीं, आणि म्हणूनच तें नांव काय द्यावें याची त्याला एवढी तळमळ असते.

आतां आपली ‘साथ’. हा शब्द संस्कृत ‘सार्थ’ या शब्दापासून प्राकृत ‘सत्थ’ या पायरीनें उतरला. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. एका अर्थासाठीं, एका कामासाठीं निघालेले सहप्रवासी. त्यांचा पुढारी तो सार्थवाह. तांड्यावरून सोबत, सोबतीवरून गायनांतील तबल्याची साथ, आयुष्याची साथ, आणि मराठींत आणखी एक अर्थ: पुष्कळांना एकदम झालेला रोग. हा शेवटचा अर्थ मराठीचा खास आहे. हिंदींत ‘साथ’ आहे, पण त्यानें रोगाचा बोध होत नाहीं; गुजरातींत त्यासाठीं ‘रोगचाळो’ म्हणतात. पुष्कळ माणसें एका वेळीं एका वाटेनें चाललीं आहेत, एवढ्या साध्या कल्पनेवरून मराठीनें हा शब्द रोगाला दिला असावा. संसर्गाचें शास्त्र कोणी त्यांत हेतुपूर्वक भरलें असें म्हणतां येणार नाहीं. तथापि शब्द शास्त्राशीं जुळला तो असा कीं, ठरवूनहि त्याहून चांगला सांपडला नसता. इ. स. १८१७ मध्यें बंगालमधील जेसोर येथें उसळलेली पटकी सैन्याबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर, यात्रेकरूंबरोबर चालत देशभर गेली. पंढरीच्या वाटेवर एकोणिसाव्या शतकांत ती वारंवार दिसे. रोग हा तांड्याबरोबर चालणारा एक न दिसणारा सहप्रवासी आहे, ही गोष्ट ‘साथ’ हा शब्द उच्चारतांच सांगून टाकतो. ‘महामारी’ ती सांगत नाहीं.

त्या शब्दाबरोबर येणारीं क्रियापदेंहि पाहण्यासारखीं आहेत. साथ येते, पसरते, जोर धरते, आटोक्यांत येते, ओसरते. ओसरणें हें पुराचें क्रियापद आहे. ज्याला पूर ठाऊक आहे त्याला पाणी उतरेल हेंहि ठाऊक असतें. म्हणजे आपल्या भाषेनें साथीला आरंभ, मध्य आणि शेवट दिलेला आहे. महामारीला असा शेवट भाषेंत नाहीं. ती कोसळते, थैमान घालते, बळी घेते. मग काय होतें याला क्रियापदच नाहीं.

रोगांना नांवें ठेवण्याची मराठीची दृष्टि एरवींहि अशीच देहाला धरून आहे. इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला खेड्यांतील लोकांनीं ‘मानमोडी’ म्हटलें. प्लेगाला शहाण्यांनीं ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटलें तरी लोकांनीं ‘गांठीचा ताप’ म्हटलें. पटकीसारख्या रोगाला ‘मोडशी’ म्हणत. तो शब्द तर समुद्रापार गेला. गोव्यांत इ. स. १५६३ मध्यें छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधिविषयक संवादांत त्याचें पोर्तुगीज रूप आढळतें, आणि पुढें फ्रेंचांनीं त्याच रूपाचा ‘कुत्र्याचें मरण’ असा अपभ्रंश केला. आमच्या बायाबापड्यांनीं पोटांत काय मोडतें तें सांगितलें होतें. विद्वान् परदेशीयांनीं त्यांत मरण पाहिलें. ‘साथ’ शब्दाच्या जागीं ‘महामारी’ बसते तेव्हां थोड्या वेगळ्या रीतीनें तेंच होतें.

या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ‘साथ’ हा फार सौम्य, घरगुती शब्द आहे, इ. स. २०२३ च्या पावसाळ्यांत लोकांचे डोळे आले त्यालाहि आपण साथच म्हटलें. जगभर प्रेतांच्या रांगा लावणाऱ्या रोगाला तोच शब्द कसा चालेल? दुसरा असा कीं, पॅन्डेमिकचा अर्थ जागतिक प्रसार हा आहे व तो ‘साथ’ शब्दांत येत नाहीं. तिसरा असा कीं, रूढि बलवत्तर. महामारी रुळली, आतां वाद कशाला?

पहिल्या दोहोंना उत्तर एकच आहे. ‘महासाथ’ हा शब्द कांहीं लेखकांनीं त्याच वेळीं योजला होता, आणि तो सर्व दृष्टींनीं पुरा पडतो. ‘महा’ संस्कृत आणि ‘साथ’ देशी, असा कोणी नाक मुरडील. पण महाबिलंदर, महाखट्याळ असले शब्द आपण रोज बोलतों. या शब्दाचा मोठा गुण असा कीं, त्यांत लहान साथ आणि मोठी साथ यांचें नातें उघड राहतें. प्रत्येक महासाथ आरंभीं कोठल्या तरी एका गल्लींतील लहान साथच असते. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेगाचे रोगी ओळखले तेव्हां ती मांडवीची साथ होती. पुढें ती देशाची झाली. लहान रोगाला एक शब्द आणि मोठ्याला अगदीं परका शब्द अशी वांटणी केली म्हणजे पहिल्याकडे दुर्लक्ष करण्याची आणि दुसऱ्यापुढें हतबल होण्याची संवय लागते.

‘महामारी’ प्रतिशब्द म्हणून कोठें फसते तेंहि पाहूं. इ. स. २००९ च्या ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनें स्वाइन फ्लूच्या रोगालाहि पॅन्डेमिक म्हटलें. भारतांतील त्या रोगाचा पहिला मृत्यु ३ ऑगस्टला पुण्यांत झाला आणि सारें शहर घाबरून गेलें. पुढें असें दिसून आलें कीं बहुसंख्य रोगी थोड्या दिवसांत बरे होतात. मग पॅन्डेमिक कशाला म्हणावें, यावर जगभर वाद माजला. संघटनेच्या संकेतस्थळावरील जुन्या वर्णनांत प्रचंड मृत्युसंख्येचा उल्लेख होता व तो त्या वर्षींच्या मे महिन्यांत काढून टाकण्यांत आला होता. त्यावर टीकाकारांनीं बोट ठेविलें. संघटनेची भूमिका अशी कीं हा शब्द प्रसाराचा आहे, तीव्रतेचा नव्हे. ज्या इंग्रजी शब्दांत मृत्यु मुळींच नाहीं त्याच्याविषयीं हा घोळ झाला. मग ज्याच्या पोटांतच मृत्यु बसला आहे त्या ‘महामारी’चें काय होणार? जो रोग जगभर पसरतो पण थोड्यांनाच मारतो त्याला महामारी म्हटल्यास तो शब्द खोटी साक्ष देईल. न म्हटल्यास आपल्यापाशीं प्रतिशब्दच उरणार नाहीं.

महामारी हा शब्द टाकून द्यावा असें माझें म्हणणें नाहीं. इ. स. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझानें एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्याला महामारी न म्हणावें तर दुसऱ्या कशाला म्हणावें? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० व २०२१ या दोन वर्षांत करोनामुळें प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणें जगांत सुमारें १ कोटी ४९ लाख अधिक मृत्यु झाले. त्या घटनेलाहि हा शब्द शोभतो. पण तो त्या संहाराचा निवाडा म्हणून शोभतो, रोगाच्या प्रसाराची संज्ञा म्हणून नव्हे. साथ किंवा महासाथ ही संज्ञा आहे. महामारी हा निवाडा आहे. निवाडा शेवटीं द्यावयाचा असतो, पहिल्या दिवशीं नव्हे. पहिल्या दिवशीं तो दिला म्हणजे लोक उपाय ऐकण्याच्या मनःस्थितींतच राहत नाहींत.

तिसऱ्या आक्षेपाविषयीं एवढेंच कीं, रूढि बलवत्तर असते हें खरें, परंतु पांचसहा वर्षांची रूढि कांहीं शतकांच्या रूढीपुढें बलवत्तर ठरण्याचें कारण नाहीं. शिवाय सरकारदरबारीं ‘साथरोग’ हा शब्द अजून जिवंत आहे आणि त्यावरून साथरोगशास्त्र, साथरोगतज्ज्ञ अशी मालिकाहि तयार आहे. महामारीपासून अशी मालिका होत नाहीं.

एका शब्दाची निवड चुकली म्हणजे तिच्या आजूबाजूचे शब्दहि त्याच वळणावर जातात. त्या दोन वर्षांतील वृत्तपत्रें चाळावीं. रोगी हा ‘बाधित’ झाला. बाधा हा शब्द आपल्या भाषेंत भूतबाधेचा. ज्याला बाधा झाली त्याच्यापासून दूर राहावें ही शिकवण त्या शब्दाबरोबर फुकट मिळते. ज्याची तपासणी व्हावयाची होती तो ‘संशयित’ झाला, म्हणजे चोर आणि तापकरी एका रकान्यांत बसले. आणि दोन माणसांनीं कांहीं हात दूर राहावें या साध्या सूचनेला ‘सामाजिक अंतर’ असें नांव मिळालें. ज्या समाजानें सामाजिक अंतर शतकानुशतकें पाळलें आणि माणसाच्या सावलीचाहि विटाळ मानला, त्या समाजाला तोच शब्द सद्गुण म्हणून शिकविणें हें विचारशून्यतेचें लक्षण होय. शारीरिक अंतर म्हणतां आलें असतें; जागतिक आरोग्य संघटनेनेंहि त्याच मार्चमध्यें आपला शब्द तसा बदलला होता. बाधित, संशयित, अंतर आणि महामारी हे चार शब्द एका ओळींत ठेवले म्हणजे मरीआईचा गाडा पुन्हां शिवेकडे निघालेला दिसतो.

हें भय काल्पनिक नाहीं. महाभारतांतील नलोपाख्यानांत एकाकी दमयंती वनांत एका सार्थाला मिळते. रात्रीं रानटी हत्तींचा कळप त्या तांड्याला तुडवितो. सकाळीं वांचलेले लोक काय म्हणतात? ही वेडीबागडी परकी स्त्री आपल्यांत आली तिच्यामुळेंच हें झालें, ती दिसली तर तिला दगडांनीं मारूं. दमयंती तें ऐकून अरण्यांत पळते. साथीचें सारें मानसशास्त्र त्या प्रसंगांत आहे, आणि तो प्रसंग घडतो तो ‘साथ’ शब्दाच्या पूर्वजाच्या छायेंत, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. इ. स. १८९७ च्या ४ फेब्रुवारीला केलेला साथीच्या रोगांचा कायदा आपल्याकडे सव्वाशें वर्षें चालत आला. त्यांत ‘साथीचा रोग’ कशाला म्हणावें याची व्याख्याच नव्हती. तो अर्थ ठरविणें सरकारवर सोडलें होतें. त्या वर्षीं पुण्यांत सोजिरांनीं घरें तपासलीं, माणसें वेगळीं काढलीं, आणि लोक भयानें रोगी लपवूं लागले. त्याच कायद्याला इ. स. २०२० मध्यें दुरुस्ती करावी लागली ती कशासाठीं? डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवक यांना लोकांनींच मारूं नये, त्यांना राहत्या घरांतून हांकलूं नये, यासाठीं. दमयंतीवर उचललेला दगड हातांतून पडावयाला कायदा लागला.

आणि त्याच १८९७ सालचा दुसरा दाखलाहि आपल्यापाशीं आहे. सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांतच त्यांना रोग लागला आणि १० मार्च रोजीं त्या गेल्या. लोक ज्याला साथ म्हणत होते त्या साथींत त्यांनीं रोग्यांना साथ दिली. हा शब्दश्लेष मीं केलेला नाहीं. मराठी भाषेनें तो आधींच करून ठेविला आहे. रोगाच्या प्रसाराला आणि माणसाच्या सोबतीला एकच शब्द असणें ही कोणाला अडचण वाटेल. मला ती या भाषेची कमाई वाटते, कारण रोग ज्या वाटेनें येतो त्याच वाटेनें मदतहि यावयाची असते, हें तो शब्द विसरूं देत नाहीं.

पुढची साथ केव्हां येईल हें कोणासहि सांगतां येत नाहीं. पण ती आली म्हणजे पहिल्या रात्रीं वृत्तपत्राच्या कचेरींत कोणीतरी मथळा लिहावयास बसेल, आणि दुसऱ्या दिवशीं तो मथळा घराघरांत वाचला जाईल. त्या वेळीं त्या लिहिणाऱ्यापाशीं आपला शब्द तयार असावा, आणि वाचणाऱ्या कुटुंबाला तो ओळखीचा वाटावा, एवढ्याकरितां हा लेखप्रपंच.